तक्ता डोळ्यांना दिसतो, पण कानांना कळतो का?

रमजानचा चाँद दिसायच्या आठवडाभर आधीपासूनच आपल्या मोबाइलवर वेळापत्रकं यायला लागतात. मस्जिद कमिटीचं वेगळं, मोहल्ल्यातल्या दुकानदाराचं वेगळं, एखाद्या ट्रस्टचं वेगळं. वर मस्जिदीचं चित्र, खाली जाहिरात आणि मध्ये तीस ओळींचा तक्ता: रोजा, तारीख, वार, सहेरीची शेवटची वेळ, इफ्तारची वेळ. आपण नजर टाकतो, आजची ओळ सापडते, काम झालं.

हाच तक्ता दृष्टिहीन माणसाच्या मोबाइलवर गेला की त्याचा फोन बोलतो, "फोटो." बस्स, एवढंच. आत तीस दिवसांच्या वेळा आहेत, पण त्याच्यापर्यंत एकही पोहोचत नाही. आणि कोणी तो तक्ता टाईप करून वेबसाइटवर टाकला असेल तरी प्रश्न संपत नाही. फोन आकडे वाचतो, पण कुठला आकडा सहेरीचा आणि कुठला इफ्तारचा हे अनेकदा सांगत नाही.

वेळापत्रक, शाळेचा निकाल, शिष्यवृत्तीची यादी, हजच्या हप्त्यांच्या तारखा, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या वेळा: आपल्या कामाची बहुतेक माहिती तक्त्यातच असते. म्हणून तक्ता सगळ्यांना वाचता येईल असा कसा करायचा, ते आज समजून घेऊ. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही. जो वर्डमध्ये पत्र टाईप करतो, त्याला हे जमतं.

ऐकून वाचणारे कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यापैकी सुमारे ५० लाख जणांना दृष्टीशी संबंधित अपंगत्व होतं. यातले शिकलेले, मोबाइल-कॉम्प्युटर वापरणारे अनेक जण स्क्रीन रीडरच्या मदतीने वाचतात. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते तयार केलं आणि २००६ पासून ते वापरात आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारे आवाज आज उपलब्ध आहेत.

पण हा प्रश्न फक्त दृष्टिहीनांचा नाही. मोतीबिंदूमुळे अक्षरं मोठी करून वाचणारी दादीजान आहे. लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखू न येणारा तरुण आहे. उर्दू माध्यमात शिकलेले, मराठी छान बोलणारे पण देवनागरी भरभर न वाचता येणारे बुजुर्ग आहेत. मजकूर ऐकायची सोय त्यांनाही उपयोगी पडते. आणि छोट्या मोबाइलवर दहा रकान्यांचा तक्ता इकडून तिकडे सरकवत बसणारे आपण सगळे आहोतच.

तक्त्यात अर्थ जागेमुळे येतो

"६:४६" हा आकडा एकटा लिहिला तर त्याला काही अर्थ नाही. तो इफ्तारच्या रकान्यात आणि बाराव्या रोजाच्या ओळीत आहे, म्हणून तो "बाराव्या रोजाची इफ्तारची वेळ" होतो. म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक घराचा अर्थ दोन ठिकाणांहून येतो, वरच्या शीर्षकातून आणि बाजूच्या शीर्षकातून. डोळे हे काम आपोआप करतात. बोट ठेवलं, वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, कळलं.

कानांना वर आणि डावीकडे पाहता येत नाही. कानावर एकामागून एक शब्द पडतात. साधा तक्ता स्क्रीन रीडरवर असा ऐकू येतो (वेळा फक्त समजण्यासाठी घेतल्या आहेत, त्यावर रोजा धरू नये):

"१२. सोमवार. ५:४४. ६:४६. १३. मंगळवार. ५:४३. ६:४६. १४. बुधवार. ५:४२. ६:४७."

दोन-तीन ओळी आपण लक्षात ठेवू. पण चोविसाव्या ओळीला पोहोचेपर्यंत कुठला आकडा कितव्या रकान्यातला, याचा हिशोब डोक्यात ठेवणं कठीण. आणि निकालाच्या तक्त्यात सहा विषय, एकूण गुण, टक्केवारी, श्रेणी असे नऊ रकाने असतील तर विचारूच नका. "४१. ६८. ५५. ३७." यात गणित कुठलं आणि विज्ञान कुठलं?

आता तोच तक्ता नीट बनवलेला असेल तर काय होतं ते पहा. ऐकणारा माणूस कंट्रोल आणि ऑल्ट या दोन कळा दाबून बाणाच्या कळेने तक्त्यात हव्या त्या दिशेला फिरू शकतो. इफ्तारच्या रकान्यात खाली उतरला की त्याला ऐकू येतं:

"रोजा १२, ६:४६. रोजा १३, ६:४६. रोजा १४, ६:४७."

आणि त्याच ओळीत आडवा गेला की:

"वार, बुधवार. सहेरी, ५:४२. इफ्तार, ६:४७."

माहिती तीच, आकडे तेच. फरक एवढाच की तक्ता बनवणाऱ्याने कुठली घरं शीर्षकाची आहेत ते सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं. संपूर्ण विषयाचं मर्म हेच आहे: डोळ्यांना जे जागेवरून कळतं, ते कानांसाठी सांगून ठेवावं लागतं.

ठळक अक्षरं म्हणजे शीर्षक नव्हे

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. वरची ओळ ठळक केली, मागे हिरवा रंग दिला, म्हणजे शीर्षक झालं असं आपण समजतो. माणसाला ते शीर्षक वाटतं, पण सॉफ्टवेअरला नाही. त्याच्या लेखी ती फक्त जाड अक्षरं आहेत.

वेब पान ज्या एचटीएमएल भाषेत लिहिलं जातं, तिच्यात घरांचे दोन प्रकार आहेत. माहितीच्या घराला टीडी म्हणतात, शीर्षकाच्या घराला टीएच. टीएचला स्कोप नावाची आणखी एक खूण लावता येते. हे शीर्षक खालच्या रकान्याचं आहे की बाजूच्या ओळीचं, हे ती सांगते. "इफ्तार" हे रकान्याचं शीर्षक, "१२" हा रोजाचा क्रमांक ओळीचं शीर्षक. शिवाय कॅप्शन नावाची खूण असते, ती संपूर्ण तक्त्याचं नाव सांगते: "पुणे शहर, सहेरी व इफ्तार वेळा". ऐकणाऱ्याला तक्त्यात शिरण्याआधीच कळतं की हा आपल्या शहराचा आहे की नाही.

हे काही नवीन तंत्र नाही. स्कोपची खूण १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेने १९९९ मध्ये सुलभतेचे पहिले नियम काढले, तेव्हाच तक्त्याच्या शीर्षकांवर खूण करा असं सांगितलं होतं.

ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी:

• वर्डप्रेसवर तक्ता टाकताना बाजूच्या सेटिंगमध्ये "हेडर सेक्शन" हे बटण असतं, ते चालू करा. वरच्या ओळीचं काम झालं. बाजूच्या रकान्याला शीर्षक करायचं असेल तर वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून तेवढा एचटीएमएलमधला बदल करून घ्या.

• वर्डमध्ये वरची ओळ निवडून "रिपीट हेडर रोज" हा पर्याय चालू करा. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तरी शीर्षक तिथे पुन्हा छापलं जातं, म्हणजे पाहणाऱ्यांचाही फायदा.

• एक्सेलमध्ये "इन्सर्ट" मधून तक्ता करताना "माय टेबल हॅज हेडर्स" या चौकटीत टिक करा.

कुठे हमखास बिघडतं?

वजाचं चिन्ह. मुंबईच्या वेळापत्रकाखाली बहुतेक वेळा एक छोटा तक्ता असतो, इतर गावांसाठी किती मिनिटांचा फरक धरायचा त्याचा. मुंबईच्या पूर्वेला जावं तसा सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. पुण्यात साधारण चार मिनिटं, नागपुरात वीस-पंचवीस मिनिटं. म्हणून पुण्यापुढे "-४" लिहिलेलं असतं. आता अडचण अशी की शब्दांमधली छोटी आडवी रेघ अनेक स्क्रीन रीडर नेहमीच्या सेटिंगमध्ये वाचतच नाहीत. कानावर पडतं, "पुणे, चार." ऐकणाऱ्याने चार मिनिटं वजा करायच्या ऐवजी मिळवली, तर सहेरीची वेळ संपल्यानंतर आठ मिनिटं तो खात राहील. नागपूरच्या बाबतीत तर हाच फरक चाळीस-पन्नास मिनिटांवर जाईल. उपाय एका ओळीचा आहे. चिन्ह नको, शब्द लिहा: "४ मिनिटे आधी", "३ मिनिटे नंतर". याने पाहणाऱ्यांचाही गोंधळ टळतो.

जोडलेली घरं. शिष्यवृत्तीच्या तक्त्यात "इयत्ता अकरावी ते पदवी" असं एकदाच उभं लिहून चार ओळींची घरं एकत्र केलेली असतात. पाहायला छान वाटतं, पण ऐकणाऱ्याचा ताळमेळ सुटतो. तिसऱ्या ओळीवर आल्यावर ही योजना कुठल्या इयत्तेसाठी हे त्याला सांगितलं जाईलच असं नाही. प्रत्येक ओळीत इयत्ता पुन्हा लिहा. चार वेळा लिहिल्याने काही बिघडत नाही. "वरीलप्रमाणे" आणि खाली-वर दोन टिंबांच्या खुणांनाही हेच लागू.

रिकामी घरं. निकालात एका विषयापुढे घर कोरं आहे. विद्यार्थी गैरहजर होता, त्याचा तो विषय नव्हता की गुण भरायचे राहिले? पाहणारा अंदाज बांधतो. ऐकणाऱ्याला फक्त "रिकामं" असं ऐकू येतं. "गैरहजर", "लागू नाही" असे शब्द लिहा.

फक्त रंगाने सांगितलेली गोष्ट. "हिरव्या ओळी म्हणजे जुम्मा", "लाल म्हणजे जागा भरल्या". रंग जरूर वापरा, पण सोबत शब्दही हवा. कारण रंग आवाजात उतरत नाही आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही उरत नाही. फिकट पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरंही टाळा. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

सगळं एकाच तक्त्यात. सहा शहरांच्या सहेरी-इफ्तारच्या वेळा एकाच तक्त्यात कोंबल्या की बारा रकाने होतात आणि शीर्षकावर आणखी एक शीर्षक येतं. त्यापेक्षा प्रत्येक शहराचा वेगळा, छोटा तक्ता करा. मोबाइलवरही तोच नीट बसतो. आणि माहिती दोन-तीन ओळींचीच असेल तर तक्ता कशाला? साधी वाक्यं लिहा.

मराठी आणि उर्दू: आपल्या घरचा खास प्रश्न

आपल्या पत्रकांत दोन्ही भाषा असतात, म्हणून दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट फॉन्टची. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला निव्वळ गोंगाट ऐकू येतो. उर्दूत जुन्या इनपेजच्या फाइल्सची हीच गत. त्या वेबवर टाकता येत नाहीत म्हणून त्यांचा फोटो टाकला जातो आणि फोटोत वाचण्यासारखी अक्षरंच उरत नाहीत. दोन्हीवर उपाय एकच, युनिकोड. मोबाइलवर आपण जे मराठी-उर्दू टाईप करतो ते युनिकोडच असतं, त्यामुळे नवीन काही शिकायचं नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. उर्दू तक्त्यात रोजाचा पहिला रकाना उजव्या हाताला हवा. पानाला भाषेची आणि दिशेची खूण लावलेली असेल तर तक्ता आपोआप त्या क्रमाने मांडला जातो आणि स्क्रीन रीडर उर्दूचा आवाज निवडू शकतो. खूण नसेल तर मराठी आवाज उर्दू अक्षरांशी झगडत बसतो किंवा ती सोडून पुढे जातो. एकाच घरात दोन्ही भाषा कोंबण्यापेक्षा मराठीचा एक आणि उर्दूचा एक असे दोन तक्ते चांगले.

फोटो आणि पीडीएफचं काय करायचं?

फोटो पाठवूच नका, असं कोणी म्हणणार नाही. सजवलेलं पत्रक भिंतीवर आणि स्टेटसवर शोभतं. पण त्याच्यासोबत टाईप केलेला मजकूर किंवा वेबसाइटवरच्या तक्त्याची लिंकही द्या. ग्रुपवर रोज संध्याकाळी "उद्या १३ वा रोजा, सहेरी ५:४३ पर्यंत, इफ्तार ६:४६" एवढी एक ओळ टाकली तरी मोठं काम होतं.

पीडीएफ वर्डमधून करत असाल तर "सेव्ह अ‍ॅज" मधून करा. "प्रिंट" मधून केली तर शीर्षकांच्या खुणा गळून पडतात. आणि कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे शेवटी फोटोच.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. छापील, श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात मिळावा यासाठी सरकारने पावलं उचलावीत, असं त्याचं कलम ४२ सांगतं. सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, सरकारने सक्तीचे नियम करावेत असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? सरकारी शिष्यवृत्तीची किंवा प्रवेशाची यादी स्कॅन केलेल्या फोटोच्या रूपात टाकली असेल, तर ती वाचता येईल अशा रूपात मागणं ही विनवणी नाही, हक्क आहे. आधी त्या खात्याला लेखी कळवा. दखल घेतली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

मस्जिदीच्या पत्रकावरून कोणी कोर्टात जाणार नाही, हे खरं. तिथे दुसरी गोष्ट आठवावी. प्रेषित (स.) यांच्या काळात मदिनेत पहाटे दोन अजान होत. हजरत बिलाल (रजि.) यांची रात्र असतानाच, आणि त्यानंतर हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची. खाणंपिणं थांबवायचं ते या दुसऱ्या अजानवर. इब्ने उम्मे मकतूम (रजि.) दृष्टिहीन होते. सकाळ झाली असं लोक त्यांना सांगत, तेव्हा ते अजान देत. बुखारी शरीफमध्ये याची नोंद आहे. त्यांना दिसत नाही म्हणून जबाबदारी काढून घेतली गेली नाही. त्यांना लागणारी माहिती आवाजात पोहोचवली गेली आणि साऱ्या शहराची सहेरी त्यांच्या आवाजावर थांबत असे.

तक्ता पाठवण्याआधी तपासा

एक, फोनवरची कसोटी. कोणाला तरी फोन लावा आणि तक्ता डावीकडून उजवीकडे, वरून खाली जसा आहे तसा वाचून दाखवा. स्वतःचं काही जोडू नका. मग विचारा, "सतराव्या रोजाची इफ्तार कितीला?" समोरचा जिथे अडखळेल तिथे तक्ता दुरुस्त करायचा आहे.

दोन, फोनच्या सेटिंगमध्ये "अ‍ॅक्सेसिबिलिटी" खाली टॉकबॅक चालू करा आणि डोळे मिटून तोच तक्ता ऐका. टॉकबॅक चालू असताना एका टॅपने फोन नाव सांगतो आणि दोनदा टॅप केल्यावर ते उघडतं. बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर गडबड होते.

तीन, अक्षरं दुप्पट मोठी करा. शीर्षकं आणि आकडे एकमेकांवर चढत नाहीत ना, ते पहा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मोहल्ल्यात, नात्यात कोणी दृष्टिहीन विद्यार्थी किंवा बुजुर्ग असतील तर त्यांनाच पाठवून विचारा, "तुम्हाला मदतीशिवाय वाचता आलं का?" चूक कुठे आहे ते त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगणार नाही.

तीस ओळींचा तक्ता असा करायला एकदा अर्धा तास जास्त लागेल. नंतर दर वर्षी फक्त तारखा आणि वेळा बदलायच्या. मग सहेरीची वेळ विचारायला कॉलेजात शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलीला पहाटे लहान भावाला उठवावं लागणार नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख दुसऱ्याने वाचून सांगेपर्यंत निघून जाणार नाही. मस्जिद कमिट्या, शाळा, ट्रस्ट आणि ग्रुप चालवणाऱ्या तरुणांनी येत्या रमजानच्या वेळापत्रकापासूनच सुरुवात करावी. ते सगळ्यात जास्त घरांत पोहोचतं.